मलिकाबीचा व्हिडिओ

मलिकाबीला डाव्या छातीत गाठ लागली ती रमजानच्या आधी, अंघोळ करताना. दिवाळीपर्यंत तिनं ती कुणालाच सांगितली नाही. नवऱ्याला नाही, वीस वर्षांच्या लेकीलाही नाही.

घर मणियाराचं. नवरा जलालुद्दीन औंढ्यात, नागनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर बांगड्यांचं आणि मण्यांचं दुकान मांडून बसायचा. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे दर्शनाला आलेले लोक. खेडी मलिकाबीची. सोमवारी सिद्धेश्वरच्या धरणाकडची गावं, गुरुवारी सेनगाव तालुक्यात साखऱ्याच्या बाजूची. सव्वीस वर्षं ती टोपली घेऊन फिरत होती. बायकांचे हात तिला त्यांच्या तोंडापेक्षा जास्त ओळखीचे. कुणाचा अंगठा आखडतो, कुणाचं हाड आडवं येतं, सगळं पाठ. हात हातात घेऊन, अंगठा तळव्यात दाबून ती बांगडी चढवायची आणि तेवढ्या वेळात बाई आपलं मनातलं सांगून मोकळी व्हायची. सासूचं, जावेचं, पोटात राहत नाही त्याचं. मलिकाबी "हौ माय, हौ" म्हणत ऐकून घ्यायची. स्वतःचं मात्र ती कुणाला सांगायची नाही. उन्हात दोन कोस चालून आली तरी तिच्या डोक्यावरचा पदर कधी कुणी सरकलेला पाहिला नव्हता.

साखऱ्याच्या आशाबाईच्या लक्षात आलं ते दिवाळीच्या आठवड्यात. आशाबाई तिथल्या बचत गटाची अध्यक्ष. मलिकाबी गावात आली की पहिली तिच्या ओसरीवर बसायची. त्या दिवशी टोपली उतरवताना मलिकाबीनं डावा हात वर केलाच नाही.

"काय झालं गं हाताला?"

"काय न्हाई आक्का. लचकला."

"मागच्या बाजाराला बी लचकलाच व्हता."

आशाबाईनं तिला दंडाला धरून आतल्या धान्याच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि म्हणाली, "दाखव."

सोयाबीनच्या पोत्यांमध्ये मलिकाबी बराच वेळ खाली मान घालून उभी राहिली. मग तिनं दाखवलं. आशाबाईनं पाहिलं आणि आपल्याच हातानं तिचा पदर पुन्हा नीट केला.

"काहून लपवलं गं इतके दिवस?"

"आक्का, कसं सांगू? कुणाला सांगू?"

"उद्याच्या उद्या नांदेडला जायचं. मी येते संगं."

नांदेडच्या डॉक्टरनं तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर, आणि काखेपर्यंत गेलेला. आधी केमोचे चार डोस देऊन गाठ आखडवायची, मग ऑपरेशन, मग किरणांचा शेक. जलालुद्दीननं सगळं मान डोलावत ऐकलं आणि शेवटी फक्त विचारलं, "किती लागतील, साहेब?"

सरकारी योजनेतून ते फुकट होण्यासारखं होतं. पण जलालुद्दीन भावापासून वेगळा निघाला तेव्हा रेशनकार्डही वेगळं झालं होतं, आणि ते नवं कार्ड ऑनलाइन कधी चढलंच नव्हतं. कार्ड चढलेलं नाही म्हणून योजना नाही. विमा तर त्या घरात कुणी कधी काढला नव्हता. औंढ्यात हरीश नावाचा एक जण मोबाईल दुरुस्तीचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवायचा. त्यानं एक पैसा न घेता कार्डाचा अर्ज भरला.

"काका, दीड-दोन महिने लागतील," तो म्हणाला.

"तवर गाठ थांबंल का?" जलालुद्दीननं विचारलं. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच उत्तर हवं होतं. हरीशनं अर्जाची पावती छापून त्याच्या हातात दिली.

पहिले दोन डोस मलिकाबीच्या कानातल्यांवर आणि दुकानातल्या अर्ध्या मालावर झाले. दुसऱ्या डोसानंतर एका सकाळी उशीवर केसांचा पुंजका निघाला. मलिकाबीनं नणंदेला, मुन्नीला, बोलावून घेतलं, दाराला आतून कडी घातली आणि डोक्यावरचे सगळे केस उतरवून घेतले. बाहेर आली तेव्हा डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली होती, कपाळापासून मानेपर्यंत. त्यानंतर ती झोपतानाही ओढणी बांधूनच झोपायची. उझ्मानं, तिच्या लेकीनं, एकदा म्हटलं, "अम्मी, गरम होत असेल. घरात तर काढ."

"नको गे. असू दे."

साखऱ्यात आशाबाई कामाला लागली होती. गटातल्या चार-पाच बाया घेऊन ती घरोघर फिरायची. देणगी, मदत असले शब्द ती वापरायची नाही. दारात उभी राहून म्हणायची, "आपली मलिकाबी आजारी हाय. आपला हात तिनं कितीदा धरला ते आठवा अन् द्या." सोयाबीन नुकतंच निघालं होतं. ज्यांच्याकडं रोकड नव्हती त्यांनी पायली-दोन पायल्या सोयाबीन घातलं, कुणी तूर देऊ म्हणालं. द्वारकाबाई नावाची एक म्हातारी विधवा होती. अकरा वर्षांत तिनं एक बांगडी भरली नव्हती, पण मलिकाबी प्रत्येक खेपेला तिच्या दारात बसून पाणी पिऊन, दोन शब्द बोलूनच पुढं जायची. अशी आपल्या दारात थांबणारी फक्त मलिकाबीच, असं द्वारकाबाई म्हणायची. तिनं दोन कोंबड्या विकून पैसे आणून दिले. सिद्धेश्वरच्या भोयांच्या बायकांनी पाठवले. औंढ्याच्या मशिदीत दोन जुम्म्यांना चादर फिरली.

चार गावांचं मिळून तीन महिन्यांत शहाण्णव हजार जमले. त्या गावांना विचारलं तर ते फार होते. तिसरा डोस झाला, चौथा झाला. औषधं, तपासण्या, नांदेडच्या खेपा झाल्या. मग डॉक्टरनं सांगितलं, गाठ आखडलीय, आता उशीर करू नका, फेब्रुवारीच्या मध्यावर ऑपरेशन करू. अडीच लाख. सरकारी दवाखान्यात नंबर लावला तर तारीख मे महिन्याची मिळत होती. कार्डाचा अर्ज तालुक्याला कुठंतरी अडकून पडला होता.

घरात तीस हजार होते आणि हातात अठरा दिवस.

हरीशनं आधीच फोनवर एक मजकूर लिहून शंभरेक ग्रुपांवर टाकला होता. सोबत मलिकाबीचा जुना फोटो, टोपली शेजारी, पदर डोक्यावर, कॅमेऱ्याकडं न बघता हसणारी. त्यावर चार हजार तीनशे आले. उझ्मा कॉलेजातून येताना त्याच्या दुकानात थांबली.

"उझ्मा, खरं सांगू का?" हरीश म्हणाला. "लोक वाचत न्हाईत. रोज असले दहा मेसेज येतात. लोकायला बघायला लागतं."

"फोटो हाय की."

"त्या फोटोत तुझी अम्मी चांगली दिसून राहिली. लोकायला वाटतं, हिला काय झालंय." त्याला पुढचं बोलताना जड गेलं. "आता जशी हाय तशी दाखवावी लागंल. व्हिडिओ. मी असं म्हणू नये, पण असंच हाय ते."

"अम्मी नाही म्हणंल."

"मग न्हाई करायचं," हरीश म्हणाला. उझ्मा मात्र लगेच उठली नाही. कितीतरी वेळ ती तिथल्या स्टुलावर बसून होती.

चौथ्या डोसाला तीन दिवस झाले होते. दुपारची वेळ. जलालुद्दीन दुकानावर होता. मलिकाबीला ताप होता. ती खाटेवर पडली होती आणि डोळा लागला होता. ओढणीची गाठ सुटून ओढणी उशीखाली गेली होती. पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या उझ्मानं आईचं डोकं पहिल्यांदा पाहिलं. पांढरट, लहान, मध्ये एक जुनी खोक. ती खोक आईला कधी पडली हेही तिला माहीत नव्हतं. तोंड उघडं होतं. ओठांना फोड आले होते. कानाची भोकं रिकामी.

उझ्मानं तांब्या खाली ठेवला आणि फोन काढला.

अठ्ठेचाळीस सेकंदांचा व्हिडिओ. शेवटी तिनं स्वतःचा आवाज टाकला, हळू, आई जागी होऊ नये म्हणून: "ही माझी अम्मी आहे. बांगड्या भरते. ऑपरेशन नाही झालं तर ती वाचणार नाही. आम्हाला दुसरं कुणी नाही." मग तिनं आईचं डोकं हळूच उचललं, ओढणी काढून पुन्हा बांधली. मलिकाबीनं झोपेतच तिचा हात चाचपला आणि धरून ठेवला. व्हिडिओ हरीशला पाठवायला उझ्माला एकच हात मोकळा होता.

पाच दिवसांत दोन लाख एकाहत्तर हजार आले.

पुण्याहून आले, दुबईहून आले. कुठल्या तरी सीमेवरच्या जवानानं पाचशे पाठवले आणि लिहिलं, माझीही आई अशीच गेली. कुणी अकरा रुपये पाठवले. फोन सारखा वाजायचा. उझ्मा तो आवाज बंद करून ओढणीखाली धरून बसायची. पैसे आलेले बघून तिला रडू यायचं आणि त्या रडण्यात नुसता आनंद नव्हता, हे तिला तेव्हाच कळत होतं.

जलालुद्दीनला देवळाच्या रस्त्यावर कळलं. परभणीकडून दर्शनाला आलेल्या एका माणसानं मणी घेता घेता सोबतच्याला फोन दाखवला, "ही बाई इथलीच म्हणं, औंढ्याची." जलालुद्दीननं वाकून पाहिलं. त्या दिवशी तो दुकान उघडं टाकून घरी आला. मलिकाबी आत होती. त्यानं अंगणात कपडे पिळणाऱ्या उझ्माकडं पाहिलं. ती उभी राहिली. तो चिडेल असं तिला वाटलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"तिला कळू देऊ नको," एवढंच तो म्हणाला आणि परत गेला.

मलिकाबीकडं बटणांचा साधा फोन होता. पैसे कुठून आले असं तिनं विचारलं तेव्हा उझ्मानं सांगितलं, "आशामावशीच्या गावाकडून, आणि हरीशभाऊच्या ओळखीच्या लोकांकडून." मलिकाबीनं दोन्ही हात उचलून त्या सगळ्यांसाठी दुवा मागितली, नावं माहीत नसलेल्या लोकांसाठीही.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. मार्च-एप्रिल शेक घेण्यात गेले. नांदेडला दवाखान्याजवळ एक खोली घेऊन मायलेकी राहिल्या. ते दिवस उझ्माच्या आयुष्यातले चांगले दिवस होते, असं ती पुढं म्हणायची, आणि असं म्हणायची तिला लाजही वाटायची. सकाळी शेक, मग दुपारभर दोघीच. मलिकाबी थकलेली असली तरी बोलायची. कधी बोलली नव्हती ते बोलायची: आपल्या माहेरचं, उझ्माच्या आधी गेलेल्या लेकराचं. दोघी दखनी आणि मराठी मिसळून बोलत, हसतही.

मे महिन्यात आशाबाईच्या मुलीचं, प्रतिक्षाचं, लग्न होतं. मलिकाबीनं तिला पाळण्यात असताना काळे मणी बांधले होते. चुडा आपणच भरणार, असं ती ऑपरेशनच्या टेबलावर जायच्या आधीही म्हणाली होती.

"अम्मी, मी भरते न. मला येतं," उझ्मा म्हणाली.

"उजवा हात चांगला हाय माझा."

"लई ऊन हाय."

"उन्हाला मी नवी हाय का?" मलिकाबी हसली. डोक्यावर आता बोटभर केस आले होते, तरी तिनं ओढणी बांधली, वरून पदर घेतला आणि आरशात दोनदा पाहिलं. जलालुद्दीन लेकीकडं पाहत होता. उझ्मा टोपली घेऊन सोबत निघाली. हिंगोलीत गाडी बदलताना तिला वाटलं, बस चुकावी. बस चुकली नाही.

साखऱ्यात मांडवाखाली बायका जमल्या होत्या. मलिकाबीला पाहिल्यावर सगळ्या उठल्या. कुणी तिच्या तोंडावरून हात फिरवला, कुणी पाया पडली. आशाबाईनं तिला पाटावर बसवलं. मलिकाबीनं टोपली पुढं ओढली, हिरव्या बांगड्या सोडवल्या आणि प्रतिक्षाचा हात हातात घेतला. डाव्या हाताला जोर नव्हता. उझ्मा नवरीचं मनगट धरून बसली. पहिली बांगडी सरकन गेली. बायका म्हणाल्या, हात तसाच हाय बाई हिचा.

द्वारकाबाई जवळ येऊन बसली. तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं.

"मलिके, तुला अशी बसलेली पाहून बरं वाटलं बघ. तुझा तो व्हिडिओ पाहून मी दोन दिवस जेवले नव्हते. ते डोकं, ते तोंड... नातीला म्हणलं, बंद कर माय, मला बघवत न्हाई."

आशाबाईनं "आत्याबाई" म्हणून तिला थांबवायला हात पुढं केला, पण उशीर झाला होता.

"कोन्ता व्हिडिओ?" मलिकाबीनं विचारलं.

मांडवातल्या बायका खाली बघायला लागल्या. मलिकाबीनं सगळ्यांकडं पाहिलं आणि तिला कळलं की तो सगळ्यांनी पाहिलाय. तिनं उझ्माकडं पाहिलं नाही. तिनं नवरीला म्हटलं, "प्रतिक्षा, तुझ्याकडं हाय का?"

"मलिकामावशी, राहू दे न..."

"दाखव, लेकरा."

प्रतिक्षाच्या एका हातात सात बांगड्या भरलेल्या होत्या. तिनं दुसऱ्या हातानं फोन काढला. मलिकाबीनं अठ्ठेचाळीस सेकंद पाहिलं. मधे कुठं नजर हलवली नाही. उझ्माचा आवाज मांडवात ऐकू आला, "आम्हाला दुसरं कुणी नाही." मग फोन बंद झाला. मलिकाबीनं तो परत दिला, पदर कपाळावर ओढला आणि म्हणाली, "हं. आन दुसरा हात."

तिनं चुडा पूर्ण भरला. नंतर ओळीत बसलेल्या बायकांनाही भरल्या, एकीला सुद्धा परत पाठवलं नाही. एक बांगडी मात्र भरताना तिच्या हातून वाढली, तुकडे खाली पडले. सव्वीस वर्षांत आशाबाईच्या ओसरीवर तसं कधी झालं नव्हतं, असं आशाबाई पुढं सांगायची. निघताना आशाबाई तिला आतल्या खोलीत घेऊन गेली.

"पोरीवर राग धरू नको. तिनं जीव वाचवला तुझा. आमी शहाण्णव हजाराच्या वर जाऊ शकलो न्हाई गं."

"तुमी चार भिंतीत पाहिलं, आक्का," मलिकाबी म्हणाली. "दार लावून. ते निराळं."

बसमध्ये मायलेकी शेजारी बसल्या. उझ्मानं दोनदा तोंड उघडलं. मलिकाबी खिडकीतून बाहेर बघत होती.

त्या दिवसापासून मलिकाबीनं लेकीला अंगाला हात लावू दिला नाही. भांडली नाही, आवाज चढवला नाही. जेवलीस का, कॉलेजला गेलीस का, सगळं विचारायची. पण टाक्यांच्या जागेला औषध लावायला, पाठीवरून पाणी घालायला, डोक्याला तेल लावायला आता मुन्नी यायची. कडी आतून लागायची. उझ्मा बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून बसायची आणि आतल्या पाण्याचा आवाज ऐकायची. एकदा मुन्नी बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "फुफी, जखम कशी हाय?"

"सुकली," मुन्नी म्हणाली. मग तिची दया येऊन म्हणाली, "जाईल गे तिचा गुस्सा."

पण तो गुस्सा नव्हता. गुस्सा असता तर उझ्मानं पाय धरले असते.

तिनं हरीशला तो व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. त्यानं आपल्याकडचा काढला. "पण आता तो माझ्या हातात न्हाई गं," तो म्हणाला. "हजारो लोकांनी पुढं पाठवलाय." त्याचा चेहरा उतरला होता. "माझी चूक झाली का, उझ्मा?"

"तू म्हणाला व्हता, नाही करायचं," उझ्मा म्हणाली. "केला मी."

ऑगस्टमध्ये मलिकाबीला खोकला लागला. आधी साधा वाटला. मग चालताना दम लागायला लागला. नांदेडला छातीचा फोटो काढला तर फुप्फुसात पाणी होतं, आणि त्या पाण्यात तेच होतं. डॉक्टरनं जलालुद्दीनला बाहेर बोलावून सांगितलं. रेशनकार्डाचं काम तोवर झालं होतं. योजनेचं कार्डही हरीशनं स्वतः आणून दिलं. डॉक्टरनं ते पाहिलं, परत दिलं आणि म्हणाला, "आता फक्त त्रास कमी करायचा. त्याला फार खर्च नाही."

दवाखान्यात तिला दहा दिवस ठेवलं. मुन्नीच्या मुलीचे दिवस भरले होते, त्यामुळं मुन्नीला येणं जमलं नाही. बायकांच्या वॉर्डात जलालुद्दीनला थांबता येत नव्हतं. उझ्मा एकटीच होती. पहिले दोन दिवस मलिकाबीनं नर्सकडून अंग पुसून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी नर्सला यायला वेळ झाला. मलिकाबीला घाम सुटला होता, ओढणी भिजून डोक्याला चिकटली होती. उझ्मा पलंगाजवळ उभी होती, हातात ओला रुमाल घेऊन, पुढं न होता.

"ये," मलिकाबी म्हणाली.

उझ्मानं पडदा ओढला. कडा नीट जुळल्यात का ते पाहिलं, एका फटीला पिन लावली. मग तिनं ओढणी सोडली. आईचे केस आता मऊ, करडे, दोन बोटं वाढले होते. तिनं मान पुसली, कानामागं पुसलं, छातीवरचा आडवा व्रण पुसला. तो तिनं चार महिन्यांनी पाहिला. मलिकाबी डोळे मिटून होती.

"मेरे कू पूछती तो मैं नक्को बोलती," ती म्हणाली. "मालूम था तेरे कू?"

"हौ, अम्मी."

"म्हणून नाही विचारलं."

"हौ."

मलिकाबीला एकेक श्वास ओढून आणावा लागत होता.

"बराबर केलं तू," ती म्हणाली. "मी तुझ्या जागी असते तर मी बी केलं असतं. पण मला लई तकलीफ झाली बेटा. आता बी होते. बाजारात उभं केल्यासारखं वाटतं. ती जात नाही. तू माफी मागितली तरी नाही जायची, म्हणून मागू नको."

उझ्मा मागणारच होती. तिनं ओठ मिटले. तिचे हात थांबले तशी मलिकाबीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "थांबू नको. पाठ राहिली."

त्या दिवसापासून शेवटपर्यंत सगळं उझ्मानं केलं. मलिकाबी घरी आल्यावर सहाव्या दिवशी सकाळी गेली. जलालुद्दीन तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होता. ते पाणी गालावरून खाली आलं. मय्यतीला आंघोळ घालायला मुन्नी आणि शेजारणी आल्या. उझ्मानं दाराच्या, खिडकीच्या फटींत कपडे कोंबले आणि मगच आईवरची चादर काढू दिली.

साखऱ्याहून एक टेम्पो भरून बायका आल्या. पुढं आशाबाई होती. ती उझ्माला धरून रडली नाही. नुसती शेजारी बसली आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन दिवसभर बसून राहिली.

व्हिडिओ मात्र थांबला नाही. चाळिसावा दिवस झाला तरी फोन येत होते. आता कशी आहे तुमची अम्मी? बरी झाली का? काही पैसेही यायचे. उझ्मा ते ज्याचे त्याला परत पाठवायची आणि लिहायची, अम्मी वारली, आपले उपकार आहेत. कुणीतरी तोच व्हिडिओ दुसऱ्याच बाईचं नाव आणि दुसराच खातेनंबर घालून फिरवला होता. ते कळल्यावर जलालुद्दीन पोलिसांत जाऊन आला. तिथल्या हवालदारानं तक्रार लिहून घेताना विचारलं, "व्हिडिओ दाखवा." जलालुद्दीननं मान हलवली आणि तक्रार न देता परत आला.

थंडी पडायला लागली होती तेव्हा एका दुपारी फोन आला. वाशीमकडची बाई होती. आवाज उझ्माच्याच वयाचा.

"ताई, तुमच्या आईचा व्हिडिओ पाहिला व्हता मी. तुमचा नंबर लई शोधला. माझ्या बाबाला घशाचा हाय. आमचं बी योजनेत बसत न्हाई. मला सांगाल का, तुम्ही तो कसा केला? काय बोलायचं? किती मोठा करायचा?"

उझ्मा दुकानात बसली होती. जलालुद्दीन आता फारसा दुकानावर बसत नव्हता. समोरून दर्शनाला जाणारी माणसं जात होती. तिनं त्या मुलीला हरीशचा नंबर दिला. कुठली कागदपत्रं आधी काढायची ते सांगितलं, रेशनकार्ड ऑनलाइन आहे का ते आजच बघा म्हणाली. पावत्यांचे फोटो टाका, डॉक्टरचं पत्र टाका.

"आणि व्हिडिओ?"

"आधी बाबाला विचारा," उझ्मा म्हणाली.

पलीकडं कुणीतरी खोकत होतं.

"न्हाई म्हणाले तर, ताई?"

उझ्मानं तोंड उघडलं. सांगण्यासारखी दोन उत्तरं तिच्याकडं होती, आणि दोन्ही खरी होती. ती मुलगी वाट बघत होती. दुकानासमोर एक बाई येऊन उभी राहिली आणि अडीचच्या मापाच्या हिरव्या बांगड्या आहेत का म्हणून विचारू लागली. उझ्मानं तिला हातानं थांबायची खूण केली आणि फोन कानाला तसाच धरून राहिली.